मुक्कामाची ड्युटी

"हा हात काढून टाकतो," फ्रेमवाला म्हणाला आणि मी काही बोलायच्या आत त्यानं तो काढलाही. अण्णांच्या दहाव्याला दोन दिवस उरले होते. फोटो हवा होता, मोठा, हार घालता येईल असा. घरात शोधून शोधून सापडला तो एकच, माझ्या लेकीच्या मोबाईलमधला. एसटीच्या खिडकीशी बसलेले अण्णा, डोळे बारीक करून, उरलेसुरले दात दाखवत हसतायत आणि त्यांच्या गालावर लेकीचा पंजा दाबून बसलाय. कॉम्प्युटरवर माउस दोन-तीनदा फिरला. पंजा गेला, खिडकी गेली, खिडकीबाहेरची बाभळ गेली. मागं आकाशी रंग पसरला. गाल जिथं दाबला गेला होता तिथला खळगा मात्र त्याला काही बुजवता आला नाही. सदऱ्यावर कोट चढवू का, असंही त्यानं विचारलं. नको म्हणालो. अण्णांनी आयुष्यात कोट घातला नव्हता. पस्तीस वर्षं एसटीच्या वाहकाची खाकी घातली, तीही कोपरावर ठिगळ येईपर्यंत.

दहाव्याला फोटो टेबलावर ठेवला, हार घातला. येणारा प्रत्येक जण म्हणत होता, "काय फोटो आहे, आत्ता बोलतील असं वाटतंय." मी मान हलवत होतो. आत मात्र काहीतरी टोचत होतं आणि ते दुःख नव्हतं, किंवा निव्वळ दुःख नव्हतं. हे हसणारे गृहस्थ माझ्या ओळखीचे होते, पण ओळख फार उशिरा झाली होती. मी तिशी ओलांडली तेव्हा. ते माझ्या मुलीचे आबा होते. माझे वडील कुठल्याच फोटोत नव्हते.

हे शब्दशः खरं आहे. फोटो शोधताना सगळे अल्बम खाली काढले होते. कंदिलाखाली उभे आम्ही तिघं भावंडं, आई, शेजारची मुलं. गणपतीसमोर आम्ही. बहिणीच्या पाचवीला आत्या, मामा, मावशी, बाळ. अण्णा कुठंच नाहीत. दिवाळी म्हणजे पुण्या-मुंबईची माणसं गावाकडं निघणार, म्हणजे जादा गाड्या. भाद्रपदात कोकणात गणपतीला जादा गाड्या. आषाढी-कार्तिकीला पंढरपूर. मग यात्रा सुरू: म्हसवडला सिद्धनाथाचा रथ, पुसेगावला सेवागिरी महाराज, पालीचा खंडोबा, मांढरदेवची काळूबाई, चैत्रात शिखर शिंगणापूर. जिथं जिथं माणसं गोळा व्हायची तिथं त्यांना पोचवायला अण्णा, आणि घर त्या दिवशी अण्णांविना. लोकांच्या पंचांगात सण असत, आमच्या पंचांगात जादा गाड्या. आई करंज्यांचा डबा वेगळा काढून ठेवायची. भाऊबीज होऊन गेल्यावर कधीतरी ते यायचे, अंगणात पाण्याच्या बादलीशी बसायचे, आणि आम्ही विझवून ठेवलेल्या पणत्या त्यांच्यासाठी पुन्हा लावायचो. वाती अर्ध्या जळलेल्या असायच्या. तेलाला वास यायचा. पण ती आमची खरी दिवाळी, असं मी लहानपणी मनात धरून चाललो होतो.

त्यांचा वास अजून सांगता येतो. डिझेल, घामानं कडक झालेली खाकी, आणि नाण्यांचा. हो, नाण्यांना वास असतो. दिवसभर सुट्टे पैसे मोजलेल्या बोटांना तो चिकटून राहतो, साबणानं जात नाही. जेवायला बसण्याआधी अण्णा चुलीतली राख घेऊन बोटं घासायचे. उजव्या हाताच्या अंगठ्याखाली पंच दाबून दाबून पडलेला घट्टा होता. झोपेत माझ्या डोक्यावरून तो हात फिरायचा, तेव्हा केसांत काहीतरी खरखरीत अडकल्यासारखं व्हायचं. मी झोपेचं सोंग घेऊन पडलेला असायचो. जागा आहे असं कळलं तर हात थांबेल, असं वाटायचं.

अंगणात झोपायचे ते. थंडीतसुद्धा. दोन घोंगड्या, उशाला पिशवी. पावसाळ्यात पडवीत, पत्र्याखाली. साताऱ्यात स्लॅबचं घर झालं तेव्हा गच्चीवर. बायको म्हणायची, मामंजींना आत झोपायला सांगा, लोक काय म्हणतील. मी म्हणायचो, सवय आहे, आयुष्यभर मुक्कामी गाडीत झोपलेला माणूस आहे तो.

मुक्कामी गाडी म्हणजे काय, हे खेड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. संध्याकाळी शेवटची खेप घेऊन गावात आलेली एसटी रात्रभर तिथंच थांबते आणि पहाटे पहिली खेप घेऊन निघते. चालक आणि वाहक दोघं गावातच राहतात. राहतात म्हणजे देवळात, चावडीत, शाळेच्या व्हरांड्यात, नाहीतर गाडीतच, बाकांवर. कुणाच्या तरी घरून पिठलं-भाकरी येते. दिवसभराची रोकड डोक्याखाली घेऊन वाहक झोपतो. त्या गाडीतून दवाखान्यात जाणारी बाई जाते, कॉलेजची पोरं जातात, दुधाच्या किटल्या जातात. येताना पेपर येतो, औषधं येतात, कुणाच्या तरी मुंबईच्या भावाचा निरोप येतो. अण्णा निरोप फार नेमके सांगायचे म्हणे. 'म्हणे' एवढ्यासाठी, की आमच्याशी ते मोजकं बोलायचे. घरात त्यांची वाक्यं तिकिटांसारखी होती, दर ठरलेला, मागं काही उरत नसे.

एसटी आपल्यापेक्षा वर्षानं धाकटी, असं ते गमतीनं म्हणायचे. त्यांचा जन्म १९४७ चा, आणि पहिली एसटी पुण्याहून नगरला निघाली ती १ जून १९४८ ला. "धाकटी म्हणून अजून पळतीय, मी बसलो." त्यांचं गाव पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यात. डोंगर, पाऊस, भाताची खाचरं. तिथून ते माणदेशात कसे आले, जिथं पावसाळ्यात ढग नुसते बघायला येतात, हे मला कधी कोडं वाटलं नव्हतं. नोकरी म्हटल्यावर पाठवतील तिथं जायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. १९७० साली खाकी चढली, दंडावर पितळी बिल्ला आला, दहिवडीत एक खोली घेतली. आणि दोन वर्षांत बहात्तरचा दुष्काळ. तो काळ ते बोलून दाखवत नसत, पण पाणी सांडलं की त्यांचा चेहरा बदलायचा. आईकडून कळलेलं असं, की स्टँडच्या नळावर भरलेले डबे, पिंप, मिळेल ते भांडं गाडीच्या मागच्या बाकाखाली सारून ते आणि त्यांचा चालक मुक्कामाच्या गावी न्यायचे. खडी फोडून आलेल्या बायका हातात सुकडी घेऊन गाडीची वाट बघत उभ्या असायच्या. गाडीला एवढ्या अदबीनं कुणी हात केलेला मी परत बघितला नाही, असं एकदाच त्यांच्या तोंडून ऐकलंय.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना त्यांच्या गाडीत एकटा बसलो होतो. म्हसवडला मामाकडे जायचं होतं. आईनं मुठीत पैसे दिले होते. गाडीत चढल्यावर मला वाटलं, आता अण्णा मला पुढं, चालकाच्या मागच्या सीटवर बसवतील, सगळ्यांना कळेल हा कुणाचा मुलगा ते. मी एका गाठोड्यावर टेकून उभा होतो. "पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा करा," करत खाकी माझ्यापर्यंत आली. ट्रेमधल्या गड्डीतून अर्धं तिकीट सुटलं, पंच वाजला, हात पुढं झाला. मी मूठ उघडली. त्यांनी पैसे घेतले, सुट्टे परत केले आणि पुढच्या माणसाकडं वळले. एवढंच. चेहऱ्यावर ओळखीची रेघ नाही. मामाच्या घरी मी जेवलो नाही. रात्री पांघरुणात ते तिकीट हातात धरून पडलो होतो, त्याच्या मधोमध पंचाचं गोल भोक, आणि त्या भोकातून कंदिलाचा उजेड बघत होतो. आज विचार करतो तेव्हा राग कशाचा होता ते सांगता येत नाही. पैसे घेतल्याचा नव्हता. बाकीच्या मुलांशी ते हसून बोलले होते, त्याचा असेल. माझ्या मागच्या पोराला त्यांनी विचारलं होतं, "काय रं, शाळेत जातोस का नुसता हुंदडतोस?"

दहाव्याला ती पोरं आली. म्हणजे तशी पोरं, आता केस पिकलेली. मी त्यातल्या कुणालाच ओळखत नव्हतो. एक निवृत्त नर्सबाई आल्या होत्या, माण तालुक्यातल्या एका वाडीच्या. साताऱ्यात बोर्डिंगमध्ये शिकायला होत्या तेव्हा त्यांच्या आईचा डबा रोज एसटीनं यायचा: पहाटेच्या मुक्कामी गाडीत अण्णांच्या हाती, दहिवडी स्टँडवर साताऱ्याच्या गाडीच्या वाहकाच्या हाती, आणि तिथून बोर्डिंगचा शिपाई घेऊन जायचा. कितीतरी घरांची पोरं अशा डब्यांवर शिकली. ही काही एकट्या अण्णांची कर्तबगारी नव्हे, त्या काळातले सगळेच वाहक हे करत. पण बाईंनी पुढं सांगितलं ते असं: एके दिवशी डबा आला नाही. त्याऐवजी शिपायानं एक चिठ्ठी आणून दिली, जुन्या वेबिलाच्या, म्हणजे वाहकाच्या हिशेबाच्या, कागदावर लिहिलेली. 'आज डबा नाही. आई बरी आहे. घरी पाहुणे आले, म्हणून राहिलं. काळजी करू नये.' खाली सही नाही, फक्त बिल्ला नंबर.

मी तो नंबर पाठ म्हणून दाखवू शकतो. लहानपणी आमच्या दप्तरांवर, पाटीच्या मागं, सायकलच्या मडगार्डवर आम्ही तोच लिहायचो. पण मला कधी अशी चिठ्ठी आली नव्हती.

एक गृहस्थ मात्र चांगलेच रागात होते. चहा घेता घेता म्हणाले, "तुमच्या वडलांनी मला एकदा अर्ध्या वाटेत उतरवलं होतं. टप्प्याचे पैसे कमी होते माझ्याकडं. पुढचं चालत गेलो मी." चाळीस वर्षं झाली असतील त्या गोष्टीला. मी काय बोलणार? सहा किलोमीटरचा एक टप्पा, म्हणजे बऱ्यापैकी चाल झाली. "मग आज आलात कसे?" माझ्या धाकट्या भावानं विचारलं, त्याला असं विचारता येतं. "बसनं," ते म्हणाले, आणि सगळ्यांना हसू फुटलं. नंतर हळू आवाजात म्हणाले, दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत चढलो तर उरलेल्या टप्प्याचं तिकीट स्वतःच्या खिशातनं फाडलं त्यांनी, काल तुमचं राहिलं होतं म्हणाले. मला हे ऐकून बरं वाटलं नाही. का कुणास ठाऊक, त्या माणसाचा नुसता रागच मला जास्त जवळचा वाटला होता.

२००५ साली निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, एक भिंतीवरचं घड्याळ. पंच, ट्रे, सगळं जमा करून आले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठून दाढी करून बसले. तिसऱ्या दिवशीही. मग रोज स्टँडवर जायला लागले. घरून सांगून जायचे, "पेपर घेऊन येतो," आणि तीन तास फलाटावर उभे. कुठली गाडी किती उशिरा लागली ते घरी येऊन आईला सांगायचे. आई भाजी निवडत ऐकायची. बोलायला माणूस नव्हता, आणि ज्या घरात बोलायचं ते घर त्यांच्या ओळखीचं नव्हतं. आम्हीही मोठे झालो होतो, आपापल्या कामात होतो. ते आणि मी एका खोलीत असलो की टीव्हीचा आवाज वाढवायचो, दोघंही. हा काळ मला नीट आठवत नाही, आणि आठवावा असाही नाही.

मग २००८ मध्ये मुलगी झाली.

यानंतरचं लिहिताना हात आपोआप भरभर चालायला लागतो, पण जरा थांबून लिहायला हवं, कारण काय झालं ते मला अजून उमगलेलं नाही. तो माणूस बोलायला लागला. आधी तिच्याशी, मग तिच्यासमोर इतरांशी. तिला मांडीवर घेऊन 'दहिवडी, गोंदवले, म्हसवड, पिलीव, पंढरपूर' असे थांबे पाळण्याच्या चालीवर म्हणायचे आणि ती झोपायची. ती चालायला लागली तशी घरातल्या खुर्च्या एकामागं एक लागल्या. ऑफिसातलं कागदाला भोकं पाडायचं मशीन मी आणलं होतं, ते गायब झालं. मिळालं ते आबांच्या खिशात. लॉकडाऊनमध्ये खऱ्या गाड्या डेपोत उभ्या होत्या, तेव्हा आमच्या हॉलमधून रोज एक गाडी सुटायची. ती बारा वर्षांची घोडी, तिला तो खेळ खरं तर लहान होता, पण आबांसाठी खेळायची. आई पेशंट व्हायची, मी शाळामास्तर. एकदा मी म्हणालो, माझ्याकडं सुट्टे नाहीत. त्यांनी कागदाच्या तिकिटामागं उरलेले पैसे लिहून दिले, खऱ्या वाहकानं द्यावे तसे, आणि डोळा मारला. माझ्या वडिलांनी मला डोळा मारला. मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो.

मला आनंद झाला आणि हेवा वाटला, दोन्ही एकदम. हेवा आजही आहे. आपल्या लेकीचा हेवा करणं ही काही सांगायची गोष्ट नव्हे, पण ज्यांचे बाप कडक होते आणि आजोबा झाल्यावर विरघळले अशी माणसं भेटली, की मी त्यांच्या डोळ्यांत तो बरोबर ओळखतो. सगळे म्हणतात, म्हातारपणी माणूस मऊ होतो. मला ते पटत नाही. मऊपणा आधीपासून होता. नर्सबाईंची चिठ्ठी काय सांगते? तो वाटला जात होता, खेपेखेपेला, गावोगाव, आणि घरी पोचेपर्यंत ट्रे रिकामा व्हायचा. मुलगी झाली तेव्हा खेपा संपल्या होत्या. एवढाच फरक. असं मी स्वतःला समजावतो. कधी पटतं, कधी नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली. अण्णा तेव्हा नुकते बसत होते त्यात. आधार कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून, नातीला बरोबर घेऊन ते दुसऱ्याच आठवड्यात निघाले, जुन्या मुक्कामाच्या गावांना. दिवसभर जाऊन रात्री परत, मग पुढच्या सुट्टीला पुढचं गाव. पहिल्या दिवशी गाडीत वाहक बाई होत्या, तरुण. त्यांनी आधार बघितलं आणि म्हणाल्या, बसा आजोबा. अण्णा उभेच. तिकीट पाहिजे म्हणाले. बाई म्हणाल्या, देते की, शून्य रुपयांचं निघतं. मशीनमधून कागद बाहेर आला. अण्णांनी तो उलटसुलट करून बघितला. "पंच न्हाई व्हय आता?" बाई हसल्या, आणि ते जे हसले, तो तो फोटो. लेकीनं एका हातानं मोबाईल धरला होता, दुसरा हात त्यांच्या गालावर. ती सगळी शून्याची तिकिटं त्यांनी जपून ठेवली. त्या कागदावरची शाई उडते, बऱ्याचशा तिकिटांवर आता खरंच काही नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात गेले. छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात दोन रात्री, बस. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

दहाव्याची माणसं पांगल्यावर रात्री आम्ही हॉलमध्ये गाद्या टाकून पडलो होतो. लेक म्हणाली, "बाबा, आबा मला कधीच खिडकीकडं बसू द्यायचे नाहीत, माहितीय?" मला माहीत नव्हतं. म्हणाली, पहिल्याच खेपेला मी म्हटलं, आबा मला खिडकी द्या, तर नाही म्हणाले. एवढे लाड करणारे आबा, आणि खिडकीला नाही? परत येताना अंधार पडल्यावर त्यांनी कारण सांगितलं.

कोयनेचा भूकंप मला ठाऊक होता, तारखेसकट. ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारच्या पुढं. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. त्यात माझी एक आत्या गेली, हेही ठाऊक होतं. घरात देव्हाऱ्याखाली तिच्या नावचा टाक आहे. यापलीकडं कुणी काही बोललं नव्हतं, आणि आम्ही विचारलं नव्हतं. लेकीला सगळं माहीत होतं. धरणात पाणी अडवल्यापासून त्या खोऱ्यात जमीन अधूनमधून गुरगुरायची, लोकांना त्याची सवय झाली होती. भांडी वाजली की उठून परत झोपायचे. त्या रात्री थंडी खूप होती. अण्णा वीस वर्षांचे, बहीण चौदाची. चुलीच्या पलीकडची दगडी भिंत रात्री उशिरापर्यंत ऊब धरून असायची, म्हणून भिंतीकडच्या जागेवरून दोघांची रोज भांडणं. त्या रात्री ती जिंकली. म्हणजे अण्णांनीच दिली जागा, वर 'उद्या माझी' असं कबूल करून घेतलं. भिंत आतल्या अंगाला पडली. अण्णांना त्यांच्या आईनं केसांना धरून ओढून काढलं.

लेक चौदाची होती तेव्हा त्यांनी तिला हे सांगितलं होतं. मी त्यांचा थोरला मुलगा, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, माझ्या मुलीकडून ऐकत होतो. अंधारात पंख्याचा आवाज येत होता. मला आठवत होतं, लहानपणी कधी घरात एका ओळीत झोपायची वेळ आली, पाहुणे असले किंवा पाऊस झोडपत असला, की भिंतीकडं अण्णा. मग आई. मग आम्ही. आणि मी दर वेळी भिंतीकडची जागा मागायचो, कारण भिंतीला पाठ लावून झोपलं की भूत मागून येत नाही.

आई जागीच होती. आम्हाला वाटलं झोपली. ती उठून बसली, चष्मा शोधला, आणि म्हणाली, "सगळं सांगितलं व्हय पोरीला? बरं झालं." मग माझ्याकडं वळून, "तुला काय वाटतं, साहेबानं त्यांना माणदेशात टाकलं? साहेबानं इचारलं होतं, कुठं पायजे. हे म्हणाले, कोयनेपासनं लांबचं कुठलंबी. आन् मुक्कामाच्या ड्युट्या? लोक त्या टाळायचे, बायकापोरांत झोपायला मिळावं म्हणून. हे मागून घ्यायचे. पत्र्याच्या गाडीत झोप लागते म्हणायचे, अंगावर पडायला काय नसतं तिथं." लग्न होऊन आली तेव्हा ती अठरा वर्षांची. नवरा रात्री घरात झोपत नाही, अंगणात जातो. तीन महिने तिला वाटत होतं, आपण पसंत नाही यांना. माहेरी जाऊन रडली. शेवटी एका रात्री तिनंच बाहेर जाऊन विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यानंतर दोघं अंगणात झोपायला लागले, सासूबाई काय म्हणतील याची पर्वा न करता. पोरांना मात्र सांगायचं नाही, असं ठरलं. पोरांनी घराला भ्यायला नको.

मी गप्प होतो. लहानपणच्या सगळ्या दिवाळ्या डोळ्यांसमोरून जात होत्या आणि मी त्यांचा हिशेब नव्यानं मांडत होतो: ज्या माणसाला कामानं आमच्यापासून लांब ठेवलं असं मी धरून चाललो होतो, तो स्वतःच मागून लांब राहत होता. चांगलं वाटत होतं की वाईट, ठरेना. आईनं माझा चेहरा ओळखला असावा, अंधारातसुद्धा.

"दिवाळीचं तसं न्हाई हं," ती म्हणाली. "दिवाळीला जादा गाड्या खरंच लागायच्या, ती काय त्यांनी मागितलेली न्हवती. एकदा साहेबाकडं जाऊन भांडून आले होते, तू दोन वर्साचा होतास. एक दिवस मिळाला. आले, तर तू त्यांना बघून रडाया लागलास, वळखलंच न्हाईस. तवापासनं म्हणाले, जाऊ दे, जादाची ड्युटी बरी." आणि ती हसायला लागली, हसता हसता तिला ठसका लागला, लेक पाणी आणायला उठली.